साळेकर सरांचा शब्द

साळेकर सरांची उंची पाच फूट दोन इंच. हे मी अंदाजानं सांगत नाही. सर्व्हिस बुकात उंचीचा रकाना असतो आणि तो मी माझ्या हातानं भरलाय. भोरच्या आमच्या शाळेत मी क्लार्क होते, नोकरी लागल्यापासून रिटायर होईपर्यंत त्याच एका खुर्चीत. सर हजर व्हायला आले त्या दिवशी मी त्यांना भिंतीला उभं केलं, टेप लावली आणि विचारलं, "विषय?"

"पीटी. आन् बास्केटबॉल."

मी टेपकडं बघितलं, त्यांच्याकडं बघितलं. माझं तोंड पहिल्यापासून वाईट. म्हटलं, "सर, कबड्डी लिहू का?"

दुसरा कुणी असता तर हेडमास्तरांकडं तक्रार गेली असती. सर हसले. म्हणाले, "ताई, रिंग धा फुटावर आसती. सा फुटाच्या माणसाला तरी कुठं डोक्याला लागती ती?" आणि बूट घालून सरळ मैदानावर गेले. मैदान म्हणजे काय, शाळेमागचा सिमेंटचा एक तुकडा आणि दोन खांब. एका रिंगला जाळी होती, दुसरीला नव्हती. पुढची सत्तावीस वर्षं तेच मैदान आणि तेच सर.

गाव त्यांचं आंबवडे. पुण्यात बी.पी.एड. करताना ते कॉलेजच्या संघात होते, असं ते अभिमानानं सांगायचे. दोन वर्षं होते. मी एकदा खोदून विचारलं, की सर, दोन वर्षांत खेळलात किती? तर म्हणाले, "चार मिन्टं. त्यातलं एक टाईम-आऊटमदी गेलं." बाकी सगळा वेळ राखीव म्हणून बाकावर. पाण्याच्या बाटल्या भरायच्या, टॉवेल द्यायचे, कुणाच्या गुडघ्याला पट्टी बांधायची. पण बाकावरच्या माणसाला सगळे सगळं सांगतात. कुणाचे वडील पितात, कुणाचं लग्न घरच्यांनी मोडलं, कोण रात्री रडतो, सगळं सरांना ठाऊक. आणि पुढं झालं असं, की त्या संघातले बहुतेक जण पुण्यातल्या एकेका कॉलेजात क्रीडा संचालक होऊन बसले. पाण्याच्या बाटल्या देणारा तेवढा भोरला आला.

आता ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते. कॉलेजात खेळाडूंना काही जागा राखून ठेवलेल्या असतात. बारावीला टक्के कमी पडले तरी प्रवेश मिळतो, फी माफ, होस्टेल, मेस, सगळं. कागदावर त्याची रीत एकदम चोख आहे. अर्ज करा, ट्रायलला या, खेळून दाखवा, यादी लागेल. पण वेल्ह्याच्या डोंगरातली पोरगी आमच्या फुटक्या सिमेंटवर कशी खेळते हे पुण्याला दिसणार कुठून? एका दिवसात, दहा मिनिटांत, दोनशे पोरांच्या गर्दीत? तिथं कुणीतरी आधी सांगून ठेवावं लागतं. आमच्याकडं सर सांगायचे.

फोन आमच्या ऑफिसातून व्हायचा. मोबाईल आले तरी सर महत्त्वाचा फोन ऑफिसातच येऊन करायचे. करायच्या आधी उभे राहायचे, शर्ट खोचायचे, केसांवरून हात फिरवायचे. मी म्हणायची, "सर, तिकडून दिसत नाही हो." तर म्हणायचे, "मला दिसतंय न्हवं." आणि मग पहिली दहा मिनिटं खेळाचं नावच नाही. वहिनींची शुगर काय म्हणते, धाकट्याची दहावी कशी गेली, तुमच्या गुडघ्याचं ऑपरेशन करताय का अजून घाबरताय. मला आधी वाटायचं, काय हा चिकटपणा. एकदा बोलले तसं. त्यांना लागलं ते. म्हणाले, "ताई, वर्षभर इचारायचं न्हाई आन् काम पडल्यावर फोन लावायचा, ही वळख न्हाई. ही भीक झाली." आणि खरंच होतं ते. त्या संघातल्याच एका क्रीडा संचालकाचे, अरविंद पेठ्यांचे, वडील गेले तेव्हा सर तीन दिवस तिथं जाऊन राहिले होते. काही काम नव्हतं त्या वेळी. नुसते बसून होते, आल्यागेल्याला पाणी देत.

पण या सगळ्यात त्यांची खरी कमाई होती ती वेगळीच. सर खेळाडूबद्दल तीनच प्रकारे बोलायचे. "बरंय" म्हणाले की समजायचं, मैदानावर आणू नका. "चालंल" म्हणाले की चौथा-पाचवा घ्यायला हरकत नाही. आणि कधीतरी, दोन-चार वर्षांत एकदा, ते म्हणायचे, "बघाच." बस्, तेवढंच. पलीकडचा माणूस मग पुढं काही विचारत नसे. पेठे तर म्हणायचे, "पाठवून दे." ट्रायल वगैरे नंतर, कागदापुरती.

हेडमास्तरांचा सख्खा भाचा बारावीला होता, तेव्हाची गोष्ट. हेडमास्तर स्वतः शेजारी खुर्ची ओढून बसले होते. सरांनी फोन लावला, सगळ्यांची खुशाली विचारली आणि म्हणाले, "पोरगं चालंल." हेडमास्तरांचं तोंड बघण्यासारखं झालं. ते गेल्यावर मी म्हटलं, "सर, एक शब्द बदलला असता तर काय बिघडत होतं? वेतनवाढीवर सही त्यांची असते." सर म्हणाले, "ताई, माझ्याकडं दुसरं हाय काय? म्या खेळलो न्हाई, मेडल न्हाई, नाव न्हाई. ह्यो येवढा शब्द हाय. त्यो बी पातळ केला तर उद्या एखादी खरी पोर येईल आन् मला काय बोलायचं ऱ्हायचंच न्हाई." त्यांच्या शब्दावर गेलेल्या पोरांपैकी एक आज फौजदार आहे, एक पोरगी खेळाची शिक्षिका आहे, दोघं बँकेत. एकही पोर माघारी आलं नाही.

सुमनवहिनी, म्हणजे सरांच्या मिसेस, आजारी पडल्या आणि चित्र बदललं. किडन्या गेल्या. आठवड्यातून दोनदा डायलिसिस, तेही पुण्याला. भोरहून एसटीनं जायचं, तिथं चार तास पडून राहायचं आणि परत यायचं, हे त्या बाईच्यानं होईना. सरांच्या शेजारी बबनराव राहायचे. त्यांची वडाप जीप होती, भोर ते स्वारगेट सीटं भरून न्यायची. त्यांनी एक दिवस दारात जीप लावली आणि म्हणाले, "वैनी, बसा." त्यानंतर चौदा महिने दर मंगळवारी आणि शुक्रवारी बबनराव धंदा बुडवून वहिनींना नेत होते. पुढच्या सीटवर उशी ठेवायचे. डिझेलचा विषय काढला की म्हणायचे, "सर, आता आसं बोलायचं व्हय?" वहिनी गेल्या त्या जीपमध्येच, शिवऱ्याच्या पुढं, घरी येताना. बबनरावांनी गाडी बाजूला घेतली आणि सरांच्या आधी ते रडले.

त्यानंतर दीड वर्षानं बबनराव शाळेत आले. ऑफिसच्या दाराशी चपला काढून उभे राहिले. मी म्हटलं, या की आत. आले नाहीत. सर तिथंच रजिस्टर लिहीत होते. बबनराव जमिनीकडं बघत म्हणाले, "सर, प्रथमेशचं तेवढं पुण्याला बघता आलं तर..." एवढंच. वाक्यसुद्धा पुरं केलं नाही बिचाऱ्यानं.

प्रथमेश म्हणजे त्यांचा मुलगा. सव्वासहा फूट. देवानं उंची दिली होती आणि बाकी सगळं द्यायचं राहून गेलं होतं. दम नाही, आवड नाही. सकाळच्या सरावाला आठवड्यातून एकदा यायचा, तोही डोळे चोळत. वाईट पोरगा नव्हता हो, पण खेळाडू नव्हता. सरांच्या मापानं "बरंय" सुद्धा जड झालं असतं.

सर उभे राहिले. शर्ट खोचला. पेठ्यांना फोन लावला. त्या दिवशी त्यांनी शुगर विचारली नाही, गुडघा विचारला नाही. म्हणाले, "अरविंदा, एक पोरगं हाय. बघाच."

मी हातातलं पेन खाली ठेवलं. दारात बबनराव हात जोडून उभे. सरांनी माझ्याकडं बघितलं नाही. त्या क्षणी मी काही बोलायला हवं होतं असं आता म्हणणं सोपं आहे. पण तुम्हीच सांगा, त्या माणसाला नाही कसं म्हणायचं? ज्यानं वहिनींना चौदा महिने उशीवर बसवून नेलं, त्याला "तुमचं पोरगं बरंय" असं सांगायचं? भीड म्हणतात ती हीच. ती ज्याला पडली नसेल त्यानं सरांना नावं ठेवावीत.

प्रथमेशला जागा मिळाली. चार महिन्यांत तो मेसचं जेवण आवडत नाही म्हणून परत आला. मधल्या काळात एक मोठी स्पर्धा होती, त्या सकाळी तो उठलाच नाही. त्याच्यासाठी पेठ्यांनी दुसऱ्या एका पोराला नाही म्हटलं होतं. हे सगळं सरांना दुसऱ्यांकडून कळलं. त्यांनी पेठ्यांना फोन केला, तर पेठे म्हणाले, "होतं रे कधीतरी." आणि विषय बदलला. सरांना ते फार लागलं. "शिव्या दिल्या आस्त्या तर बरं झालं आस्तं," असं ते मला म्हणाले.

आणि मग सोनाली आली.

सोनाली ढेबे. पासलीच्या वर डोंगरात धनगरांची चार-पाच घरं आहेत, तिथली. घरी गुरं आणि शेरडं. शिकायला भोरला मुलींच्या वसतिगृहात राहायची. सरांनी तिला पहिल्यांदा बघितलं ते तालुक्याच्या खो-खोच्या सामन्यात. हरली होती. तरी सर दुसऱ्या दिवशी तिला मैदानावर घेऊन आले. मी विचारलं, काय दिसलं हिच्यात? म्हणाले, "ताई, गुरामागं फिरलेली पोर हाय. मान न वळवता तिला कळतं कोण कुठं गेलं." दोन वर्षांत त्या पोरीनं काय खेळ उचलला! मला खेळातलं काही कळत नाही, पण मी डबा खायचं सोडून खिडकीत उभी राहायची. ती भलतीकडं बघायची आणि चेंडू बरोबर मैत्रिणीच्या हातात जायचा. अनवाणी खेळायची. बूट काढून बाजूला ठेवायची, म्हणायची, "बुटात पाय आंधळा व्हतो सर."

बारावीच्या परीक्षेनंतर तिच्या वडलांनी स्थळ ठरवत आणलं. पोरीला अठरा पुरी झाली होती. सर पासलीला एसटीनं गेले आणि तिथून दोन तास चढून धनगरवाड्यावर. आल्यावर मला सगळं सांगितलं. तिचे वडील धाकलूमामा म्हणाले होते, "सर, तुमी येवढं वर आला म्हून ऐकतो. पोरीला पुन्यात जागा गावली तर शिकंल. न्हाई गावली तर जूनला लगीन. मंग मला काय बोलू नगा." सरांनी मान्य केलं. काय करणार? म्हणजे सगळं त्या एका जागेवर येऊन थांबलं.

सरांनी पेठ्यांना फोन लावला. "अरविंदा, बघाच." पलीकडून काय आलं ते मला त्यांच्या चेहऱ्यावरून कळलं. पेठे म्हणाले होते, "ट्रायलला घेऊन ये. बघू." पूर्वी ते "पाठवून दे" म्हणायचे. सर त्या एका "बघू"नं आठ दिवस जेवले नाहीत धड. "ताई, माझा शब्द ग्येला," असं म्हणत राहायचे.

मुलगी बाहेरगावी न्यायची तर सोबत बाईमाणूस हवं, म्हणून ट्रायलला मी गेले. भोरच्या स्टँडवर सोनालीच्या पायात नवे कोरे बूट. सरांनी आदल्या दिवशी घेतले होते. पुण्याला एवढ्या मोठ्या ठिकाणी जायचं, पोर जुन्या बुटात कशी न्यायची? आणि आपल्याकडं पोरांना बूट घेताना जसं घेतात तसेच घेतले होते, एक नंबर मोठे, वाढत्या अंगाचे म्हणून. मीसुद्धा माझ्या मुलांना तसेच घेतलेत. बोटं दाबून बघते, पुढं जागा आहे ना, मग चांगले. त्या दिवशीसुद्धा मी वाकून बोट दाबलं आणि म्हटलं, छान आहेत.

तिथलं मैदान लाकडाचं होतं. गुळगुळीत, आरशासारखं. अनवाणी खेळायला परवानगी नव्हती. पोरगी पहिल्याच धावेत घसरली. उठली, परत घसरली. बुटात पाय पुढं जायचा आणि ती मागं राहायची. ज्या पोरीला मान न वळवता सगळं दिसायचं, ती सगळा वेळ स्वतःच्या पायांकडं बघत होती. सर काठावर उभे होते. मी देवाचं नाव घेत होते. एक पास, फक्त एकच पास तिनं तसा दिला, भलतीकडं बघून. पेठ्यांनी मान वर केली. मी बघितलं ते. मग शिट्टी वाजली.

यादी चार वाजता लागणार होती. सोनाली कँटीनमध्ये बसली, बूट काढून. आम्ही दोघं पेठ्यांच्या केबिनबाहेर बाकावर. सर नुसते हात चोळत होते. म्हणाले, "त्याला आता वाटणार, साळेकरानं परत एक आणून टाकलं. प्रथमेशसारखं. आज ती घसरली तर पूर्वी त्यानं मला इचारलं आस्तं, साळेकर, तू काय म्हनतोस? आता कशापाई इचारील?"

मी म्हटलं, "मग आत जाऊन खरं सांगून टाका ना. प्रथमेशच्या वेळी भिडेपोटी खोटं बोललो, ही मात्र खरी आहे, असं सांगा. माणूस जुना आहे तुमचा. समजून घेईल."

हे मी म्हटलं. मीच. कुणी विचारलं नव्हतं मला.

सर उभे राहिले, शर्ट खोचला आणि आत गेले. मलाही हातानं बोलावलं. पेठ्यांनी चहा मागवला. सर बसले नाहीत. उभ्याउभ्याच सगळं सांगितलं. वहिनींचं आजारपण, जीप, चौदा महिने, दारातले बबनराव. "पोरगं खेळनारं न्हवतं, मला म्हाईत व्हतं. तरी म्या तुला 'बघाच' म्हनलो. चुकलं माझं. पर ही पोर तशी न्हाई, अरविंदा. ही खरी हाय."

पेठ्यांच्या समोर यादीचा कागद होता. शेवटच्या ओळीवर आकडा होता, नाव नव्हतं. त्या ओळीवर त्यांनी बोट ठेवलं.

"ही जागा मी मोकळी ठेवली होती," ते म्हणाले. "आज ती पोरगी खेळली नाही. घसरत होती नुसती. पण तो एक पास बघितला, आणि मला वाटलं, साळेकर म्हणतोय तर असेल काहीतरी. चहाला बोलावून तुलाच विचारणार होतो."

"मंग इचार की," सर म्हणाले.

"प्रथमेशच्या वेळी मी काय समजलो, ठाऊक आहे? वय झालं, नजर चुकली. इतक्या वर्षांत एकदा चुकली. नजर कुणाचीही चुकते रे. म्हणून मी बोललोसुद्धा नाही तुला." त्यांनी त्या ओळीवरचं बोट काढलं. "तू मला चुकीचं सांगितलंस असं वाटत होतं. तू खोटं सांगितलंस हे आज कळतंय. आता मी कुणाच्या जिवावर हे नाव लिहू? उद्या मला कुणी विचारलं, ट्रायलला पडलेली पोरगी का घेतली, तर काय सांगू?"

सर म्हणाले, "खरंय तुझं." आणि हात जोडून बाहेर आले.

मी तोंड उघडलं नसतं तर त्या पोरीचं नाव त्या ओळीवर लागलं असतं. बाकावर आणखी पाच मिनिटं गप्प बसायचं होतं, एवढंच काम होतं माझं. पेठ्यांवर मी खूप दिवस दात ओठ खाल्ले, पण तो माणूस तरी काय खोटं बोलत होता?

परतीच्या एसटीत सोनाली आमच्या दोघांच्या मध्ये बसली होती, बूट मांडीवर घेऊन. कात्रजच्या पुढं तिनं विचारलं, "सर, मी पडले म्हून ग्येलं ना?"

"न्हाई पोरी. माझ्यापाई ग्येलं."

तिला ते कळलं नाही. ती उलट त्यांचीच समजूत घालत होती, "जाऊ दे सर, तुमी लई केलं."

पुढच्या पंधरवड्यात सरांनी आणखी तिघा मित्रांना फोन लावले, ऑफिसातून, उभं राहून. आणि प्रत्येकाला सोनालीचं नाव सांगायच्या आधी प्रथमेशचं सगळं सांगितलं. मी कपाळावर हात मारला. "सर, त्यांना कुठं ठाऊक आहे ते? कशाला उकरून काढता?" तर म्हणाले, "ते न सांगता ह्ये सांगितलं तर परत तेच झालं की." तिघांनीही गोड बोलून फोन ठेवले. जूनमध्ये वाड्यावर लग्न झालं. मी गेले होते. सर मांडवात पाण्याचे तांब्ये घेऊन पंगतीतून फिरत होते. धाकलूमामा म्हणाले, "सर, बसा की जेवायला." ते बसले नाहीत. सोनाली पाया पडायला वाकली तेव्हा त्यांनी तिला मध्येच धरलं आणि नुसती मान हलवत राहिले. तिला आता मुलगी आहे. परवा बाजाराच्या दिवशी मला भेटली, डोक्यावर पाटी होती. बोलली चांगलं, हसली. सरांचं विचारलं आणि मग मला सांगावं लागलं.

बबनरावांना यातलं अक्षर कळलं नाही. सरांनी कळू दिलं नाही. रोज सकाळी दोघं गेटपाशी भेटायचे आणि सर विचारायचे, "काय म्हणतोय प्रथमेश?" तो आता जीप चालवतो.

सर रिटायर झाले. त्यांच्या जागी गौरव नावाचा तरुण शिक्षक आला, त्याला बास्केटबॉलचं फारसं ठाऊक नव्हतं आणि तसं तो प्रामाणिकपणे म्हणायचा. मग सरच सकाळी येऊन शिकवायचे. आरती नावाची एक पोरगी होती, शिवऱ्याची. तिचे वडील हायवेला उसाच्या रसाची गाडी लावतात. सरांनी तिच्यावर तीन वर्षं घालवली. पण तिच्याबद्दल त्यांनी कधी "बरंय" म्हटलं नाही, "चालंल" म्हटलं नाही, काहीच म्हटलं नाही. फोन तर सोडाच. तिचा कॉलेजचा फॉर्म मी भरत होते, माझ्या नोकरीतला तो शेवटचा उन्हाळा. प्रशिक्षकाचे नाव या रकान्यात मी साळेकर लिहायला घेतलं तर सरांनी माझा हात धरला. "ताई, गौरव सरांचं टाका." मी भांडले. जेवढं भांडता येईल तेवढं भांडले. ते म्हणाले, "माझं नाव बघितलं की त्यांला प्रथमेश आठवंल. त्या पोरीनं काय घोडं मारलंय?" गौरवचं नाव टाकलं. त्याला बिचाऱ्याला ओशाळल्यासारखं झालं.

आरतीला जागा मिळाली, हे आधीच सांगून टाकते, उगाच जीव टांगणीला नको. पेठ्यांच्याच कॉलेजात. पण त्या दिवशी ते ठाऊक नव्हतं. त्या दिवशी ती ट्रायलला निघाली होती, गौरवची बायको सोबत होती, आणि मी सहज स्टँडवर गेले होते. सर आले होते. एसटीत चढले नाहीत. खिडकीपाशी उभे होते, उंची कमी म्हणून टाचा उचलून. ती खिडकीतून वाकली होती.

"आन् हे बघ," सर म्हणाले, "तितं कुणी इचारलं, कुणी शिकवलं, तर गौरव सर म्हनायचं. माझं नाव घ्यायचं न्हाई."

आरती म्हणाली, "पण सर, खोटं कसं बोलू?"

कंडक्टरनं डबल बेल दिली. ड्रायव्हरनं गाडी मागं घेतली, सर खिडकीची दांडी धरून दोन पावलं तिच्याबरोबर चालले. मग म्हणाले, "बरं. मंग नको बोलू खोटं. सांग माझं नाव. पर आदी खेळ. खेळून झाल्यावर सांग."

तिनं मान डोलावली. गाडी वळली आणि गेली. सर मला म्हणाले, "चला ताई," पण स्वतः जागचे हलले नाहीत. मी रिक्षात बसून मागं बघितलं, तेव्हाही ते तिथंच उभे होते. दिवाळीच्या आत ते गेले. त्यांना तसं उभं बघितलं, तेच शेवटचं.